समुद्राचा काठ कोण्या रंगाचा?

बाबनरावांचा उभा जन्म हातमागावर गेला. करवती काठाचं लुगडं विणावं तर त्यांनीच, असं अख्खा मोहल्ला म्हणे. पुढं माग मोडीत निघाला आणि आता ते लकडगंजात एका गोदामाची राखण करतात. त्याची तक्रार? छे! दुःख एकच. लेक दामिनी दिली ती थेट गुहागरला, समुद्रापाशी. आणि तिची पोर नूपुर, फोनवर आजोबांचं तोंड दिसलं की धूम ठोकायची. तिच्या तोंडून एकदा तरी "आबाजी" अशी हाक ऐकायला म्हातारा आसुसला होता.

एका रविवारी सकाळी दामिनीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आम्ही समुद्राच्या काठावर फिराले आलो."

"अरे वा! कोण्या रंगाचा हाय वं काठ?"

आता बोला! विणकराच्या डोक्यात काठ म्हणजे लुगड्याचाच. त्यांची बायको चंद्रकला पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बुढ्याले येड लागलं वं दामिनी!" बाबनराव पार ओशाळले.

पण तिकडे नूपुर थबकली. तिनं वाळूकडे नीट पाहिलं, आईच्या हातून फोन ओढला आणि म्हणाली, "जांभळा!" खरंच की! वाळूवर मर्यादवेल पसरली होती, जांभळ्या फुलांनी लदबदलेली, पार लांबपर्यंत.

मग दर रविवारी पोर काठ दाखवू लागली. कधी केवड्याचं बन, कधी ओल्या वाळूवर तुरुतुरु पळणारे चिमुकले पक्षी, नाहीतर खेकड्याचं बीळ. "हलायचं नाही, बोलायचं नाही," ती दटावायची, "मगच तो बाहेर येतो." आणि इकडे लकडगंजात म्हातारा स्टुलावर श्वास रोखून बसायचा! "आबाजी" मात्र ती काही म्हणेना.

दिवाळीत दामिनी माहेरी आली. नूपुर दारातच आईच्या मागे दडली. फोनमधली मैत्री फोनमध्येच राहिली की काय? "ये ना वं माय" करत चंद्रकला पुढं निघाली, तर बाबनरावांनी तिला हातानंच थांबवलं. आपण विणलेलं शेवटचं, जांभळ्या काठाचं लुगडं जमिनीवर पसरलं आणि त्याच्या टोकाशी जाऊन बसले. हलले नाहीत, बोलले नाहीत.

आईच्या मागून हळूच एक पाऊल बाहेर आलं. मग दुसरं. काठावरून बोट फिरवत फिरवत पोर म्हाताऱ्याच्या मांडीपाशी पोचली.

"आबाजी, काठ तर आहे. पण खेकडा कुठाय?"

तिला मांडीवर घेत बाबनराव म्हणाले, "आत्ताच तर बाहेर आला ना वं माय."