शेंदराखालचं नाव

धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या सडकेला, तापी यायच्या आधी, एक काळा धोंडा होता. दोन पुरुष उंच, खरबरीत आणि नावांनी भरलेला. कपाशीच्या गाड्या त्याच्या सावलीला सुटत. गाडीवान चाकांना वंगण देत आणि बोटाला उरलेलं वंगण दगडावर पुसता पुसता आपलं नाव, गाव लिहीत. सगळे त्याला लिखेल धोंडा म्हणत. एवढ्या नावांत बाईचं नाव एकही नव्हतं.

पहिलं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. त्या सुमारास माझं लग्न झालं. लग्नात नवऱ्याने तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. ते सासरच्यांनी ठरवलेलं होतं. मला कुणी विचारलं नाही. मी मराठी चौथी शिकलेली, जुनं नाव गिरवून गिरवून वळणदार केलेलं, आणि एका दिवसात ते गेलं. मला फार राग आला होता. सासरी नव्या नावाने हाक आली की पहिल्या हाकेला मी कधीच ओ देत नसे. दुसरीला देई.

पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, थोरला भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला. लिखेल धोंड्याजवळ त्याने गाडी सोडली आणि चाकाला वंगण द्यायला बसला. मी वंगणात बोट बुडवलं आणि दगडाच्या सडकेकडच्या अंगावर, डोळ्यांच्या उंचीला, माझं जुनं नाव लिहिलं. खाली माहेरच्या गावाचंही.

भाऊ घाबरला. "हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"नाव लिखी ऱ्हायनू. बठ्ठा लोक लिखतंस ना?"

आखाजी करून परत आले, तोवर सासऱ्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना घरातले सगळे आबा म्हणत. ते ओट्यावर माझी वाटच बघत होते.

"त्या धोंडावर कोनं नाव शे?"

"मनं शे, आबा."

"बठ्ठा गाव वाची ऱ्हायना. उद्या जाय आन् पुसी टाक."

"मी पुसनार नही."

डोक्यावरचा पदर मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आवाज थरथरला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. आबांनी तिथल्या तिथे निकाल दिला: मी माझ्या हाताने नाव पुसेपर्यंत माहेर बंद.

मी गेले नाही. आबांनी गड्याला राख, काथ्या आणि घागर देऊन पाठवलं. दिवसभर घासून तो परतला. वंगण दगडाच्या भोकाभोकांत मुरलं होतं. छिन्नी मारली तर अक्षरं कोरल्यासारखी कायमची उठून दिसतील, असं त्याचं म्हणणं पडलं. मग एका रात्री, सडकेवर कुणी नसताना, आबा स्वतः गड्याला घेऊन निघाले. बरोबर तेल आणि शेंदूर. माझ्या नावावर त्यांनी बोटभर जाडीचा शेंदूर थापला, हे मला गड्याकडून कळलं. शेंदूर कोण खरवडणार? आबांचं डोकं चालायचं, हे मी कबूल करते.

नाव झाकलं गेलं, पण मी ते पुसलं नव्हतं, म्हणून पुढच्या आखाजीला मला माहेर मिळालं नाही. गल्लीतल्या लेकी झोक्यावर गात होत्या आणि मी घरात भाकरी थापत रडत होते. भाकऱ्या करपल्या, पण आबांपुढे नमले नाही.

त्यानंतरच्या माघात घरचे सगळे लग्नाला धुळ्याकडे निघालो. लिखेल धोंड्याजवळ गाडीवानाने न विचारताच बैल थांबवले. तिथे आता नारळाच्या करवंट्यांचा ढीग होता, उदबत्त्या होत्या, कुणी लाल झेंडाही रोवला होता. गाडीवान म्हणाला, "आबा, देव मोठा जागृत शे. पाया पडाशिवाय कोनी पुढे जात नही."

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. हा देव कुणी बसवला, हे आम्हा दोघांना आणि गड्यालाच माहीत होतं. पण भोवती चार गाड्या सुटलेल्या, माणसं बघत होती. आबांनी टोपी काढली. त्या उन्हात, सडकेच्या धुळीत, त्यांनी दगडाला डोकं टेकलं. त्यांच्यामागे सासूबाई, मग माझा नवरा. मी ताठ उभी राहिले.

"पाया पड," आबा पुटपुटले.

मी त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आबा, मना नावले मीच काय हात जोडू?"

त्यांनी टोपी घातली, कपाळाचा शेंदूर उपरण्याने पुसला आणि गाडीवानावर खेकसले, "चाल, गाडी हाक."

त्यानंतरच्या आखाजीला भाऊ न्यायला आला, तेव्हा आबा आडवे आले नाहीत. निघताना ओट्यावरून त्यांनी नव्या नावाने हाक मारली. मी दुसऱ्या हाकेला ओ दिली, त्यांच्या पाया पडले आणि गाडीत बसले.