युनिसने घातलेला खोडा

अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या आमच्या नॅनटकेट बेटावर पुरुष देवमाशांच्या मागे तीन-तीन वर्षं समुद्रावर, आणि घरं, दुकानं, सगळा रगाडा बायकांच्या डोक्यावर. युनिस स्वेन त्यातलीच एक. आम्हा क्वेकर पंथाच्या बायकांसाठी करड्या टोप्या शिवायची, बिनफितीच्या. बत्तिशीला आलेली, लग्न राहून गेलेलं, बोलणं मोजकं. आमच्यात शपथ घेत नाहीत. शब्द दिला म्हणजे दिला. पण युनिसच्या शब्दाला त्यातही वजन जास्त.

या बाईचा जीव ऑबेड बार्नार्डवर जडला होता. ऑबेड जहाजावर तेलाची पिंपं घडायचा. युनिसच्या भावाचा तो दोस्त. भाऊ समुद्रात बुडाला, तरी हा किनाऱ्यावर असला की तिच्याकडे डोकावायचा, गळकी बादली ठोकून द्यायचा, मक्याची भाकरी खायचा आणि मर्सीबद्दल बोलत बसायचा. मर्सी म्हणजे त्याची ठरलेली. युनिस टाके घालत ऐकायची. तिने कधी अवाक्षर काढलं नाही, आणि काढलं असतं तर त्या भोळ्या माणसाला घामच फुटला असता.

आमच्यात लग्नाला पाद्री लागत नाही, पण सोपं म्हणाल तर मुळीच नाही. जोडप्याने पंथाच्या महिन्याच्या बैठकीत उभं राहून सांगायचं. मग दोन बायका मुलीकडे जाऊन विचारतात, की तुझा शब्द आणखी कुठे गुंतलाय का? पुढच्या बैठकीत त्या येऊन कळवतात, सगळे शांत बसतात, आणि सगळ्यांच्या आतला उजेड, म्हणजे मनातला देवाचा आवाज, हो म्हणाला तरच परवानगी. मतं मोजायची पद्धत नाही. एकाही माणसाचं मन अडखळलं तरी काम थांबतं, आणि का अडखळलं हे त्याला कुणी विचारत नाही.

मर्सीकडे जायला ज्युडिथ मावशीला निवडलं, आणि नेमकं युनिसला. नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, म्हणून ती गेली.

"कुठे शब्द दिलायस का, पोरी?" ज्युडिथ मावशीने विचारलं.

"ऑबेडशिवाय कुणाला नाही." मर्सी लाजून युनिसकडे वळली. "त्याला जेवायला काय आवडतं गं? मी विचारलं तर म्हणतो, सगळंच छान."

"मक्याची भाकरी. काकवी घालून," युनिस म्हणाली. "आणि शिळी चालत नाही."

"चालत नाही म्हणे," मावशी करवादली. "जहाजावर किडकी बिस्किटं खातो, ती बरी चालतात."

पुढच्या बैठकीत मावशीने कळवलं, की मुलगी मोकळी आहे. सगळे शांत बसले. ऑबेडचं जहाज पंधरवड्यात सुटणार, हे युनिसला ठाऊक होतं. आज परवानगी मिळाली तर आठवड्यात लग्न. नाही मिळाली तर तीन वर्षं तो कुणाचाच नाही. तिची छाती धडधडायला लागली, हात थरथरले. आता गोची बघा: उजेड आतून बोलायला लावतो, तेव्हाही आमच्या माणसांना अगदी असंच होतं. युनिस उभी राहिली.

"माझ्या मनाला अजून उजेड दिसत नाही," ती म्हणाली.

झालं, लग्न थांबलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी ऑबेड युनिसच्या दुकानात आला.

"तू म्हणालीस म्हणजे काहीतरी असणार," तो म्हणाला. "मर्सीकडे लक्ष ठेव एवढं."

धरणीने पोटात घ्यावं असं युनिसला झालं. तरी खरं कारण न सांगता ती पुन्हा टाके घालायला लागली.

थंडी पडेतो मर्सीचं पोट दिसायला लागलं. बिनलग्नाचं मूल म्हणजे बैठकीतून नाव जायची पाळी. आणि गाव काय म्हणालं? युनिसला म्हणे आधीच कळलं होतं, उजेडाने तिला दाखवलं होतं! बायका रस्त्यात थांबून तिचा हात हातात घ्यायला लागल्या. तिला वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसवायचं घाटायला लागलं. पापाची अशी पूजा होताना बघून युनिस रस्ता सोडून गल्लीबोळांतून जायला लागली.

एका दुपारी मर्सीच दुकानात आली. "मी तुम्हा दोघींपासून लपवलं. तू बरोबर ओळखलंस. रागावलीस का माझ्यावर?"

"उजेड-बिजेड काही नव्हतं, मर्सी," युनिस म्हणाली. "मला ऑबेड हवा होता. म्हणून खोडा घातला मी."

इतकी वर्षं मनात कोंडलेलं पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि तेही कुणापुढे!

"हे मला नको सांगूस," मर्सी म्हणाली. "बैठकीत सांग. ते मला काढतायत."

युनिसने बैठकीत सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. ज्युडिथ मावशी शेजारी डोळे मिटून बसली होती, ती बाकावर जरा लांब सरकून बसली. मग वडीलधाऱ्यांनी विचार केला. आपणहून कबूल केलं म्हणून युनिसला माफी. मर्सीने लपवलं, पोटानेच सांगितलं, म्हणून तिचं नाव कमी.

ते कळवायला कुणीतरी जायला हवं होतं. युनिस गेली.

मर्सी लोकर पिंजत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुझं बरं झालं. बोललीस, ओझं उतरलं," ती म्हणाली. "माझं इथंच आहे. उद्या हे चालायला लागेल, बोलायला लागेल, बाप तेव्हाही समुद्रावरच असेल. बाप का नाही म्हणून विचारलं, तर मी काय सांगू? तुझा शब्द सगळे मानतात. तूच सांग."