जपलेली पोथी

डब्लिनच्या संग्रहालयात लेकीने मला एका चांदीच्या पेटीपुढे उभं केलं. जुन्या आयरिश लोकांनी धर्मग्रंथ ठेवायला घडवलेली पेटी. वर स्फटिक आणि बारीक वेलबुट्टी.

"अशा काही पेट्या तर खिळे ठोकून कायमच्या बंद केलेल्या असायच्या," लेक म्हणाली.

"मग वाचायचं कसं?"

"वाचायचं नाहीच, आई. जपायचं."

मला माझी आई आठवली. तिची पोथी जीर्ण झाली तेव्हा मी ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातली, डब्यावर चिठ्ठी चिकटवली आणि माळ्यावर ठेवली. माझ्या कामांच्या यादीत त्यापुढे खूण केली. श्रावणासाठी तिला मोठ्या टाइपाची नवी पोथी आणून दिली.

"माझी काढून दे गं. हिच्यात मन लागत नाही."

"फाटेल ती, आई."

"फाटू दे की! मी तरी कुठे कोरी करकरीत आहे?"

वस्तू जपताना आपण ती माणसापासूनच लांब ठेवतो, हे तेव्हा सुचलं नाही. पुढच्या श्रावणाआधीच आई गेली. मग मी डबा उतरवला. पोथीचं पान न् पान शाबूत होतं. इतक्या नीट केलेल्या कामाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.