सीताफळीचा पाला

संशोधनासाठी मला जो विषय मिळाला तो आमच्याच बांधावरचा निघाला, सीताफळीचा पाला. तो वाळवायचा, त्यातली द्रव्यं वेगळी करायची आणि बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकून बघायची. पेशींच्या थरावर बारीक टोकानं रेघ ओढली की दोन्ही बाजूंच्या पेशी सरकत येतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत रेघ बुजवून टाकतात. अंगात कर्करोग पसरतो तेव्हाही त्याच्या पेशी अशाच जागा सोडून निघतात. पाल्यातलं एक द्रव्य टाकलं की रेघ बरीचशी उघडी राहायची.

दिवाळीत राळेगावकडच्या आमच्या गावी गेले तेव्हा हे सगळं मी वहिनीला सांगितलं. मी चौथीत असताना ती लग्न होऊन आमच्याकडे आली. माझ्या शाळेच्या वेण्या तिनंच घातल्या. माझ्या कामाविषयी घरात कोणी फारसं विचारत नसे. त्या दिवशी ती मेथी निवडत होती. तिनं निवडणं थांबवलं.

"म्हणजे मंग तो रोग जागचा हलत नाही?"

"बशीत तरी नाही हलत," मी म्हटलं.

पाला कोवळा घ्यावा की जून, हेही तिनं विचारलं. बैलाच्या जखमेत किडे पडले की आमच्याकडे हाच पाला वाटून भरतात, तेव्हा त्यात दम आहेच, असं ती म्हणाली. आपलं काम घरात कोणाला तरी कळतंय याचाच मला इतका आनंद झाला, की ती का विचारतेय हे मनातही आलं नाही. बशी आणि बाईचं अंग यांत किती अंतर आहे, तेवढं मात्र मी सांगितलं नाही. ते तिला ठाऊकच असेल असं धरून चालले.

पुढची भेट उन्हाळ्यात झाली. वहिनी वाळली होती, सारखी मळमळतं म्हणत होती. चुलीमागच्या गंजात हिरवट काळं पाणी होतं, तळाशी पानं. वासावरूनच मी ओळखलं. कशाला म्हणून विचारलं तर आधी तिनं पोटासाठी म्हणून सांगितलं. मग मला आतल्या खोलीत नेऊन तिनं माझा हात धरला आणि काखेत ठेवला. तिथं सुपारीएवढी गाठ होती. छातीतली त्याहून मोठी होती, कडक, आणि वरची कातडी आत ओढलेली.

"पोळ्याच्या आधीपासून आहे," ती म्हणाली. "तू सांगतलं तवापासून रोज घेऊन राह्यली. बढली थोडीशी, पण फिरली नसंल ना?"

काखेत ती आधीच पोचली होती.

दादाला मी त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही तिघं यवतमाळला गेलो. सुईनं तुकडा काढून तपासायला दिला. डॉक्टरीणबाईंनी इतके महिने काय केलं म्हणून विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली. मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला होता, त्यात काढा सांगितला होता. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. दिवाळीतच आलो असतो तर काय झालं असतं, हे मी नंतर डॉक्टरीणबाईंना एकटीनं गाठून विचारलं. नक्की कोणीच सांगू शकत नाही, पण उपचार सोपे गेले असते, एवढंच त्या म्हणाल्या.

आधी केमो दिली, मग नागपूरला ऑपरेशन झालं. तिला आत नेल्यावर दादा आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. तिथे मी त्याला सांगून टाकलं, की व्हिडिओ वगैरे काही नव्हता, पाल्याचं मीच सांगितलं होतं.

"तू नसतं सांगतलं तं तिनं दुसऱ्या कोणाचं आयकलं असतं," तो म्हणाला. "दवाखान्याचं भ्याव होतं तिले."

माझी समजूत काढायलाच तो तसं बोलला असावा. पण माझ्याकडे न बघता बोलला, आणि त्या दिवसापासून त्यानं माझ्या कामाचा विषय एकदाही काढलेला नाही.

मी काम सोडलं नाही. सोडून तिला काय मिळणार होतं? पण आता बशीतली रेघ उघडी दिसली तरी कोणाला सांगावंसं वाटत नाही. पाल्यातून उद्या खरंच औषध निघेलही. ते गंजात उकळून निघणार नाही, हे दिवाळीतल्या त्या दिवशी दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

वहिनी आता शेतात जाते, पण कापूस वेचायला तिला कोणी लावत नाही. काखेतल्या गाठी काढल्यापासून डावा हात सुजतो, म्हणून पोलक्याची एक बाही उसवून सैल केलीय. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. मागच्या वेळी कुठे पसरलेलं दिसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी 'सध्या' हा शब्द दोनदा वापरला.

परवा तिचा फोन आला. बाभुळगावच्या तिच्या मावशीनं कसलीशी मुळी पाठवली होती, दुधातून घ्यायची. घेऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय नको.

"म्हणजे तुले माहीत नाही?"

"नाही, वहिनी. मला माहीत नाही."

ती म्हणाली, "बरं झालं सांगतलं," आणि फोन ठेवला.