अर्धं आईचं, अर्धं बापाचं

माझ्या आत्यानं उभ्या आयुष्यात एकाही माणसाकडे अख्खा माणूस म्हणून पाहिलेलं नाही. समोर आलेला प्रत्येक जीव तिला जोडून तयार केलेला दिसतो. नाक आजोबांचं, हनुवटी मामाची, टक्कल आईच्या बापाकडून, डोक्यावरचा भोवरा कुठल्याशा पणजीकडून. "तुझं स्वतःचं असं यात काहीच नाही रे," हे वाक्य ती इतक्या मायेनं म्हणते, की नवख्या माणसाला तो आशीर्वादच वाटतो आणि तो वाकून नमस्कार करतो. तो वाकला की आत्या त्याचा भोवरा तपासून घेते.

दारव्ह्यात मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. आनुवंशिकतेचा धडा पुस्तकात शेवटी असायचा. आत्या तो शाळा उघडल्या उघडल्या काढायची आणि परीक्षेपर्यंत पुरवायची. पचनसंस्था, श्वसन, फुलाचे भाग हे सगळं तिच्या मते मधल्या सुट्टीत उरकण्यासारखं होतं. निवृत्त झाल्यावर तिनं माझ्या फोटो स्टुडिओतलं बाकडं बळकावलं, कारण इतके चेहरे एका जागी दुसरीकडे कुठं मिळणार? लग्नाचे अल्बम ती इतक्या बारकाईनं बघते की नवरीकडच्यांना शंका येते. "ही वरमाय आणि तो तिसऱ्या रांगेतला माणूस, यांच्यात नातं आहे," असं ती एकदा म्हणाली. चौकशी केली, तर तो बँडवाला निघाला. पण बँडवाल्याची आजी वरमायेच्या माहेरच्या गावची होती, एवढं शोधून काढेपर्यंत आत्या गप्प बसली नाही. शेजारचे गॅरेजवाले चाचा तिला फार मानतात. एकदा मात्र त्यांनाही राहवलं नाही. "आपा," ते म्हणाले, "आदमी है के असेंबल की हुई गाडी? इंजिन दादा का, बॉडी नाना की!" आत्यानं ते इतकं मनावर घेतलं की पुढचे कित्येक दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच उदाहरण देत होती, आणि चाचांचं नाव घेऊन देत होती.

बारशाचा फोटो काढायला आलेल्या घरांना तिची विशेष भीती. एका आजीबाईनं सुनेकडे बघत सुस्कारा टाकला, "तिसरीबी पोरगीच झाली व माय." आत्यानं चष्मा पुसला आणि आजीबाईंच्या लेकाला पुढं बोलावलं. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, आईकडून नाही, हे तिनं त्याच्या आईसमोर, बायकोसमोर आणि फोटोसाठी टांगलेल्या हिमालयाच्या पडद्यासमोर समजावून सांगितलं. तो बिचारा फोटोत इतका ओशाळलेला आला आहे, की बारसं त्याचंच वाटावं.

पण ती इतरांना जितकी कडक, तितकीच स्वतःलाही. जीभ नळीसारखी वळवता येणं हा एकाच जनुकाचा खेळ असतो, असं ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. वर्गातल्या मुलींना ओळीनं जिभा काढायला लावून ती फळ्यावर टक्केवारी मांडायची. निवृत्तीनंतर कुठंतरी तिच्या वाचनात आलं, की हे तितकं सोपं नाही, जुळ्या बहिणींतही एकीला जमतं आणि दुसरीला जमत नाही. दुसरी कुणी असती तर मासिक मिटून चहा टाकला असता. आत्या जुन्या विद्यार्थिनींना गाठून चूक दुरुस्त करू लागली. फोनवर, बाजारात, बसस्टँडवर. एकीला तर तिनं लग्नाच्या स्टेजवर गाठलं. आहेर द्यायच्या रांगेतून वर जाऊन नवरीच्या कानाशी ती म्हणाली, "दहावीत मी तुला जिभेचं चुकीचं सांगितलं होतं. मनात ठेवू नकोस." नवरी रडायलाच लागली, का ते तिलाही कळलं नसावं. शेजारी नवरदेव जीभ वळवून बघत होता. तो फोटो मी काढलेला आहे.

तर अशा या बाईपुढं एका सकाळी तिची एक जुनी विद्यार्थिनी येऊन उभी राहिली. दारव्ह्याजवळच्याच तांड्यावरची, बंजारा घरची मुलगी. लग्न होऊन महागावकडच्या एका तांड्यावर गेलेली. सोबत तिचे वडील होते आणि कडेवर चार-पाच महिन्यांची लेक. फोटो काढायचा होता. मुलीनं बाळाच्या डोक्यावरून टॉवेल काढला आणि मी कॅमेरा हातात धरून तसाच राहिलो. आई काळीसावळी, आजोबा त्याहून गडद, आणि बाळ दुधासारखं पांढरं. डोक्यावरचं जावळ सरकीवरच्या तंतूसारखं, पापण्याही पांढऱ्या. मी दिवा लावला तशी तिनं डोळे घट्ट मिटले आणि किंकाळी फोडली.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "तुमी वर्गात सगळ्याइचं सांगत होत्या. आता हेही सांगा. हे कोनावर गेलं?"

आत्यानं बाळाला घेतलं, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मला म्हणाली, "दिवा बंद कर." अंधार झाल्यावर बाळ थांबलं. मग आत्या म्हणाली, "दोघांवर गेली आहे. जितकी तुझ्यावर, तितकीच तिच्या बापावर."

हे ऐकल्यावर ती मुलगी तोंडात पदर घालून रडायला लागली. मग तिच्या वडिलांनी सांगितलं. सासरी तिला कुणी मारलं नव्हतं की हाकललं नव्हतं. "कोनी काहीच बोललं नाई मॅडम. फकस्त कोनी बोलतच नाई." बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला परत न्यायला कुणी आलं नव्हतं. जावई जीप चालवायचा, शेअर जीप. एकदा आईला घेऊन आला, दोघं दारातूनच लेकरू पाहून गेले. जीपस्टँडवर लोक त्याला विचारत, काय बापू, तुह्या घरी विलायतेचा पाहुना आलता का?

आत्यानं तांड्याचं नाव विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागं बसली. दारव्ह्याहून महागावच्या पुढं, भर उन्हात, या वयात! वाटेत मी दोनदा थांबलो, ते माझ्या कंबरेसाठी. तिच्या पिशवीत दोन पुड्या होत्या, एकीत उडीद आणि दुसरीत ज्वारी.

तांड्यावर पोचलो तेव्हा जीप दारातच उभी होती. जावई पोरगेलासा, डोळे खाली घालून बोलणारा. त्याची आई चुलीपाशी होती. ती पाणी देऊन पुन्हा चुलीकडे तोंड करून बसली. आत्यानं अंगणात फतकल मारली आणि शाळा सुरू केली. रंग द्यायचं काम शरीराला कसं शिकवलेलं असतं, त्या शिकवणीची एक प्रत आईकडून येते आणि एक बापाकडून. काळा उडीद म्हणजे चांगली प्रत, पांढरी ज्वारी म्हणजे बिघडलेली. एक जरी उडीद असला तरी रंग येतो, म्हणून आई-बाप सावळे. दोघांनीही लेकराला ज्वारीच दिली, तर लेकरू पांढरं. इतक्यात कोंबडी आली आणि तिनं बापाची ज्वारी टिपली. "ती आहे असं समज," आत्या म्हणाली आणि पुढं गेली.

"पन बिगडली कशी?" त्यानं विचारलं. "कोनाच्या चुकीनं?"

"कुणाच्याच नाही. शाळेत मुली एकमेकींचं बघून लिहितात ना, तसं शरीर स्वतःची नक्कल करत असतं. लाखो अक्षरं. कधीतरी, कुठल्यातरी पूर्वजात एक अक्षर चुकतं. मग पुढचे सगळे तीच चूक उतरवत जातात. दोन पेपरांत बरोबर उत्तर सापडलं तर मला काही कळायचं नाही. पण अगदी तीच चूक दोन्हीकडे सापडली, की मी ओळखायची, या शेजारी बसल्या होत्या."

त्यानं उरलेला ज्वारीचा दाणा बोटानं फिरवून पाहिला. मग पहिल्यांदाच मान वर केली. "म्हंजे मॅडम, पोरगी माहीच हाय. पक्कं?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एवढं एक अक्षर. पण मी आत्याला ओळखून होतो. तिचा चेहरा जिभेच्या दुरुस्तीच्या वेळी झाला होता तसा झाला. "असं पहा बापू," ती म्हणाली, "शंभर टक्के म्हणायचं, तर तपासणी करावी लागेल. कारण ही ज्वारी दुसऱ्या एखाद्या माणसातही..."

मी तिच्या पावलावर पाय ठेवला.

"पाय काढ," आत्या मोठ्यानं म्हणाली.

पोरगा उठला. त्यानं चप्पल घातली. तो जीपकडे निघाला आणि मला वाटलं, एवढ्या लांबून येऊन आम्ही त्या मुलीचा संसार स्वतःच्या हातानं मोडला. तेवढ्यात चुलीकडून आवाज आला.

"तपासनी नको. पक्कं हाय."

म्हातारी अजून आमच्याकडे पाठ करूनच बसली होती. "माह्या सासऱ्याले एक बहीन होती. धोळी म्हनत तिले, पांढरी होती म्हनून. तिचं लगन झालं नाई. दिवसा घराबाहेर काढत नसत. मी नवी नवी आलती, कोपऱ्यात बसून रडत होती, तं तिनंच मले ऊन भाकर आनून देली. तिले दिसे कमी. पार माह्या तोंडापाशी तोंड आनून पाह्यलं अन् म्हने, लय साजरी हाय व तू." तव्यावरची भाकर करपायला लागली होती. "ती मेली तवा सासऱ्यानं सगळ्याइले सांगतलं, तिचं नाव काढाचं नाई. आपल्या पोरी कोनी करनार नाई."

"याडी," पोरगा म्हणाला. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. "तुले मालूम होतं?"

"लेकरू पाह्यलं तवाच मालूम झालं."

"मंग बोलली काहून नाई?"

"सुनेचं नाव खराब झालं तं सून जाते, बाबू. घराचं झालं तं घर कुठं जाईन?"

आत्यानं चुलीपाशी जाऊन करपलेली भाकर काढली आणि म्हातारीशेजारी बसून हळू आवाजात सांगितलं, की सुनेच्या माहेरीही ते असणारच, दोन्हीकडून आल्याशिवाय होत नाही, तेव्हा कुणाचं घर वर नाही की खाली नाही. म्हातारीनं मान हलवली. पण तिला ते ऐकायचं नव्हतं. ती उठली, लुगडं झटकलं आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. "चाल," ती लेकाला म्हणाली.

आम्ही मोटारसायकलवर, ते जीपमध्ये. मुलीच्या माहेरी आम्ही पोचलो तेव्हा सासू ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसली होती आणि सून दारात उभी होती. ती रडत नव्हती. नवऱ्याला ती म्हणाली, "येते मी. पन पयले मले अन् पोरीले पुढच्या सीटवर बसव अन् तुह्या स्टँडवर घेऊन चाल. जे इचारतात, त्याइले सांग हे कोनाचं हाय ते."

त्यानं तसं केलं. मी तिथं नव्हतो, पण ही गोष्ट पुढं त्यानंच स्टुडिओत येऊन सांगितली. तो म्हणाला, स्टँडवर जीप उभी केली, पोरीला उचलून धरलं आणि तोंडातून शब्दच फुटेना. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं येऊन लेकराच्या हातात दहाची नोट ठेवली आणि म्हणाला, "नाक तं तुहंच हाय बे."

आता ती पोर शाळेत जाते. आत्यानं तिच्या मास्तरांना भेटून तिला पहिल्या बाकावर जागा मिळवून दिली आहे. पूर्ण बाह्यांचा फ्रॉक, मोठी टोपी, काळा चष्मा, उन्हाच्या वेळी सावली, हे नियम तिनं दोन्ही घरांकडून पाठ करून घेतले आहेत. सुट्टीत पोर आजोळी आली की स्टुडिओतल्या बाकड्यावर दोघी बसतात. आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्लीच झालं, त्यामुळे काळे चष्मे दोघींना. हल्ली आत्या अल्बम कमी बघते. दिसत नाही, असं म्हणते. पोर तिला एकेक फोटो डोळ्यांशी धरून सांगते, त्यातलं बरंचसं मनचं असतं, आणि आत्या ते दुरुस्त करत नाही.

आत्यानं लग्न का केलं नाही, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. स्थळं आली होती, हे मला माहीत आहे. एकदा एका बाळाचा फोटो हातात घेऊन ती आपणहून म्हणाली होती, "माझ्या आजीचे कान माझ्यापर्यंत आले आणि इथं थांबले बघ." मी काहीतरी विनोद करायला गेलो, तो जमला नाही.

मागच्या महिन्यात दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यवतमाळला नेलं होतं. बाकड्यावर शेजारी बसलेली एक बाई या जोडीकडे बराच वेळ बघत होती. एक काळीसावळी, सुरकुतलेली, तर दुसरी टोपीखाली पांढरीशुभ्र. दोघींनी एकाच पद्धतीनं मान जराशी तिरपी करून भिंतीवरचा तक्ता वाचायचा खटाटोप चालवला होता.

"नात काय व तुमची?" बाईनं विचारलं. "आजीवरच गेली बाप्पा."

मी सावरून बसलो. आता दाणे निघणार, अंगण नाही तर दवाखाना, कोंबडी नाही तर कंपाउंडर. पण आत्यानं फक्त चष्मा वर सरकवला आणि पोरीचा हात आपल्या हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "थोडी माझ्यावरच आहे."