अंदाज बरोबर आला न्हवं?

जोतीराम मंडपवाल्यांचं, म्हणजे आपल्या नानांचं, उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नांवर छत धरण्यात गेलं. राजारामपुरीत त्यांचं दुकान. ऐन लग्नसराईत अवकाळी यायचा, कनाती भिजून जड व्हायच्या, पाहुणे हातात ताटं घेऊन जवळच्या शाळेत पळायचे, आणि शिव्या मात्र नाना खायचे. तेव्हापासून त्यांचं आणि आभाळाचं वाकडं. आता धंदा मुलगा बघतो.

बायको गेली त्या वर्षी नाना घराबाहेर पडेनात, धड जेवेनात. मग कुणीतरी त्यांना मोबाइलवर ढगांची चित्रं बघायला शिकवलं आणि माणूस हळूहळू ताटावर येऊन बसू लागला. वारा कुठला, थंडी कधी वाढणार, ढग बरसणार की नुसतेच हुलकावणी देणार, हे ते रोज सकाळी मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकू लागले. कागलकडचे वीटवाले, गारगोटीकडचे गुऱ्हाळवाले, तंबाखूवाले, सगळे त्या ग्रुपात. पावसाळ्याचा अंदाज नाना सांगतच नसत. "त्यो काय कुणीबी सांगंल," म्हणायचे, "थंडीतला सांगून दावा की!"

नुसतं सांगून गप्प बसतील तर ते नाना कसले? आपलं म्हणणं खरं ठरलं का, हेही ते तपासायचे. हिवाळ्यातला पाऊस मोठा लबाड. एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडं धूळ उडत असते. म्हणून ते गावोगावी फोन लावायचे, विचारायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायचे. यंदाचं कॅलेंडर बरोबरच्या खुणांनी नुसतं भरून गेलं होतं. भल्याभल्यांना हे जमत नाही, असं ते चहाच्या गाड्यावर ऐकवायचे आणि ऐकणारा बिचारा चहा थंड होईपर्यंत मान डोलवायचा.

डिसेंबर संपत आला तसं नानांना वाटलं, हा पराक्रम आक्काला समोर बसून सांगावा. आक्का त्यांची थोरली बहीण. कागलच्या पुढं एका खेड्यात तिची वीटभट्टी. नवरा गेल्यापासून ती आणि सून वर्षाराणी मिळून चालवतात. फोन न करताच नाना एसटीत बसले.

ओढ्याकाठच्या भट्टीवर पोचले आणि जागच्या जागी थांबले. जिथं कच्च्या विटांच्या रांगा असायच्या, तिथं नुसता लाल चिखल पसरला होता. कडेच्या काही विटा उभ्या होत्या, त्याही कोपरे गळालेल्या. वर्षाराणी साडी खोचून तोच चिखल पुन्हा पायानं तुडवत होती.

"ह्ये काय झालं गं?"

"पाऊस, मामा. दुसरं काय?"

"कवा?"

"परवा रात्री. त्याच्या आदी पंदरा दिवसाखाली एकदा."

दोन्ही वेळा नानांनीच सांगितलं होतं, ढग येतील, थेंब पडणार नाही. काल सकाळी तर आक्काशी फोनवर बोलणंही झालं होतं.

"पण आक्का तर म्हणाली, अंदाज बरोबर आला!"

वर्षाराणीनं पाय थांबवले. "मामा, रागवू नगासा. पाऊस आला का, असं तुमी कवा इचारलंयसा? फोन केला की पयलं वाक्य, 'माजा अंदाज बरोबर आला न्हवं?' आता थोरल्या बहिणीनं भावाला काय म्हणायचं? तुमी कोरडं म्हणालासा की आमी विटांवरचा प्लॅस्टिकचा कागद काढणार, आनि वर आत्याबाई तुमास्नी 'बरोबर' म्हणणार!"

"वर्षा, त्वांड बंद कर!" झोपडीतून आक्का धावतच आली. "जोती, तिचं मनावर घिऊ नगंस. मातीच हाय ती, परत पाडू की विटा."

"आक्का, खरं का न्हाय सांगितलंस?"

"काय सांगू? बायको गेल्यावर तू भिताडाकडं त्वांड करून पडलावतास. ह्या ढगांपायी उठलास, जेवाया लागलास. विटा काय, मातीच्या मातीत ग्येल्या. भाऊ कुठनं आणू?"

नाना तिथंच एका दगडावर बसले. शरमेनं त्यांचे कान तापले होते. बहिणीचा राग यावा तर तोही येईना. आपल्या शब्दावर दोन बायकांचे महिनाभराचे कष्ट वाहून गेले आणि आपण घरात बसून खुणा करत होतो, एवढंच डोक्यात घोळत होतं. मग त्यांनी गारगोटीच्या फक्रुद्दीनला फोन लावला. फक्रुद्दीन त्यांचा जुना दोस्त, बाजारात गुळाचा व्यापार करणारा.

"फक्रू, परवा तिकडं पाऊस आलता का?"

"आलता की रं. जळणाची चिपाडं भिजली, दोन गुऱ्हाळं बंद हायत. पर तू कशाला जिवाला लावून घेतूस?"

नानांनी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, "परवाचा माझा अंदाज चुकला. याआधी कुठं कुठं चुकला, ते खरं कळवा. माझी भीड धरू नका."

आधी हात जोडलेली चित्रं आली. कुणी लिहिलं, नाना, तुमचं कधी चुकत नाही. मग एका तंबाखूवाल्यानं लिहिलं, आमच्याकडं दोनदा पडला, वाळत घातलेला माल काळा पडला. त्याच्या मागोमाग दुसऱ्याचं. एकाच्या लग्नाचं जेवण भिजलं होतं, एकाचा कडबा. प्रत्येकाच्या शेवटी तेच, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

फोन वाजत राहिला. आक्कानं तो काढून घ्यायला हात पुढं केला. "ठेव त्ये खाली. जीव जाईल तुजा."

"असू दे आक्का," नाना म्हणाले. "वाचू दे. आता तू सांग. पयल्यांदा कवा चुकलो मी?"

आक्का त्यांच्या शेजारी बसली. चिखलाकडं बघत म्हणाली, "पयल्याच दिवशी."