ढग सरकेपर्यंत

हे गृहस्थ आमच्या चळवळीला काडीच्या उपयोगाचे नाहीत, असं माझं स्पष्ट मत होतं. चेन्नईत एग्मोरमधली जुनी इमारत पाडू नका म्हणून आम्ही घसा फोडायचो. हे तंजावरी काका तिच्यासमोर ट्रायपॉडवर फिल्मचा चौकोनी कॅमेरा ठेवून, मान खाली घालून वरून त्यात डोकावत उभे. एकदा एका आजीने शेजारी थांबून हात जोडले. तिला वाटलं, पूजा चाललीय. पत्रकासाठी फोटो मागितला की म्हणायचे, "तंबी, कशाला घाई कराचं? ब्लॅक अँड व्हाइट आहे. कमानीत सावली उतरू दे."

मंगळवारी सकाळी जेसीबी आला. कोर्टाची स्थगिती अजून हातात नव्हती. मी घोषणा दिल्या, चालकाने हॉर्न दिला. काका वैतागून त्याच्याकडे गेले आणि तमिळमध्ये म्हणाले, "माझ्या फोटोत येतोयस. मागे घे." त्याने निमूट मागे घेतला. मग काकांना ढग आडवा आला. तो सरकला, तर दुसरा. दुपारपर्यंत सगळं पाडकाम आभाळाकडे बघत बसलं. आपण फोटोत आलो तर, म्हणून मुकादमाने भांगही पाडला.

आमच्या वकीलबाई स्थगिती घेऊन धावत आल्या, तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं.

"काका, काढा आता," मी म्हणालो.

ते ट्रायपॉड मिटत होते. "आता कशाला काढाचं? इमारत राहते की. मार्गळी महिन्यात, डिसेंबरात येतो. तेव्हा ऊन तिरपं असतं, कमान खुलते."